घरच्या मोरीत रोल धुताना: फिक्सरमधली चांदी, नळाचं पाणी आणि कॅफेनॉलचं कौतुक

लालदिवा

मुंबईत कृष्णधवल फिल्मचे रोल घरी धुणारे पुन्हा वाढलेत. त्यांच्यात 'पर्यावरणपूरक' हा शब्द निघाला की गाडी थेट कॉफीवर जाते. कॅफेनॉल, म्हणजे कॉफी घालून केलेलं फिल्म धुण्याचं रसायन, वापरलं की आपण सुटलो, असा समज. म्हणून फोरमवर हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे: घरच्या धुलाईत जी घाण होते तिचा मोठा वाटा डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, नाही. तो फिक्सरचा, म्हणजे न वापरलेली चांदी विरघळवून चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचा, आणि त्यानंतरच्या पाण्याचा. डेव्हलपर बदलणं सोपं आणि फोटोजेनिक आहे, त्यामुळे चर्चा त्याचीच होते.

आकडे मांडतो. ३६ फोटोंच्या रोलवर इमल्शनचं (चांदी असलेल्या जिलेटिनच्या थराचं) क्षेत्र साधारण ०.०५५ चौरस मीटर. चांदी चौरस मीटरला ४-५ ग्रॅम धरली तर एका रोलवर पाव ग्रॅमच्या आसपास. कृष्णधवलमध्ये तिच्यातली निम्म्याहून जास्त फिक्सरमध्ये उतरते, उरलेली चित्र म्हणून निगेटिव्हवर राहते. रंगीत रोलमध्ये चित्र रंगद्रव्याचं असतं, त्यामुळे सगळीच्या सगळी चांदी रसायनात जाते.

म्हणजे लिटरभर फिक्सरमध्ये १२-१५ रोल काढले की त्यात २ ते ३ ग्रॅम चांदी असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. तुलना तुम्हीच करा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिक्सरमधली चांदी थायोसल्फेटला, म्हणजे फिक्सरच्या मुख्य घटकाला, घट्ट बांधलेली असते. जलचरांना मारते ती सुटी चांदी, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटसारखी. बांधलेली चांदी त्या मानाने खूपच कमी विषारी, आणि सांडपाण्यातल्या सल्फाइडशी जुळून ती गाळात बसते. तेव्हा कोणी एक रोल धुतला म्हणून खाडीतले मासे उलटे होत नाहीत. पण जी चांदी पाच लिटरच्या कॅनमध्ये आयती गोळा झालेली आहे, ती गटारात सोडायचं कारणही नाही.

काय करता येतं, कशात काय फसतं, ते इथे लिहूया. अनुभवकथन नको, कृती आणि मापं द्या.

---

कॅफिनवाला

कॅफेनॉलवर एवढा राग का? नेहमीच्या डेव्हलपरमधली मेटॉल आणि हायड्रोक्विनोन दोन्ही जातात, हा फायदा नाही का? मेटॉलने हाताला पुरळ येणारे लोक आहेत, हायड्रोक्विनोन पाण्यातल्या जिवांना वाईट. कृती तरी नीट नोंदवून ठेवू.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या वर्गाने कॉफीवर डेव्हलपर चालतो हे दाखवलं. व्हिटॅमिन सी नंतर आलं आणि वेळ आटोक्यात आली. आता जी सर्रास चालते ती कृती, १ लिटरला:

धुण्याचा सोडा, निर्जल: ५४ ग्रॅम
व्हिटॅमिन सी पावडर: १६ ग्रॅम
इन्स्टंट कॉफी: ४० ग्रॅम
२० अंशांना १५ मिनिटं.

४०० आयएसओच्या फिल्मला धूसरपणा येतो, तेव्हा वर १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड. काम करतं ते कॅफीन नव्हे, कॉफीतलं कॅफेइक आम्ल आणि त्याचे भाऊबंद.

---

तिसरी_टाकी

कृती बरोबर, पण आपल्याकडे ती तीन ठिकाणी फसते.

सोडा. वाण्याकडे मिळणारा खडीसारखा धुण्याचा सोडा निर्जल नसतो, त्यात दहा रेणू पाणी असतं. तो ५४ ग्रॅम घेतलात तर प्रत्यक्षात २० ग्रॅम सोडा पडला. पीएच चढत नाही, निगेटिव्ह पातळ येते आणि दोष कॉफीला जातो. खडे घेतले तर १४५ ग्रॅम घ्या. नाहीतर जुन्या कढईत मंद आचेवर परता: आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळून पातळ होतो, मग पांढरी कोरडी भुकटी उरते. ती हवाबंद डब्यात ठेवा. जुलैत उघडी राहिली की पुन्हा ओल धरते आणि माप पुन्हा चुकतं.

कॉफी. आपल्याकडच्या स्वस्त इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते. ब्रू इन्स्टंट आणि नेसकॅफे सनराइज ही मिश्रणं आहेत, नेसकॅफे क्लासिक निव्वळ कॉफी. डब्यामागे चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरीवाली वापरली म्हणून फिल्म कोरी येणार नाही, पण घनता डब्यागणिक बदलेल आणि तुमचा पुढचा रोल जुळणार नाही.

व्हिटॅमिन सी. केमिस्टकडच्या नारिंगी चघळायच्या गोळ्या नकोत. त्यात साखर, रंग, बाइंडर. शिवाय १६ ग्रॅमसाठी ५०० मिलिग्रॅमच्या ३२ गोळ्या कुटत बसावं लागेल. प्रिन्सेस स्ट्रीटवर शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर मिळते.

क्रम: आधी सोडा पूर्ण विरघळवा, पाणी निवळ दिसलं पाहिजे. मग व्हिटॅमिन सी, ते फसफसतं. फेस बसला की कॉफी. पाच मिनिटं थांबून फिल्म धुण्याच्या टाकीत. बुडबुड्यांसकट ओतलं तर आकाशात गोल डाग येतात. तासाभरात वापरून टाका, ठेवणीचा हा पदार्थ नाही.

---

हायपो_गिरगाव

आणि वासाचं कोणीच बोललं नाही. चाळीत केलंत तर शेजारी येऊन विचारतात काय मेलंय म्हणून.

---

दाणेदार

कॅफिनवाला, राग नाही, हिशोब आहे. कॅफेनॉलच्या लिटरमध्ये ४० ग्रॅम कॉफी आणि १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी एकदाच वापरून ओतून देता. सांडपाण्याच्या भाषेत हा सगळा सेंद्रिय भार, तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. विषारी नाही, मान्य. पण 'नैसर्गिक' आणि 'हलकं' ह्या दोन वेगळ्या गोष्टी.

हायड्रोक्विनोन टाळायचं तर त्याचं उत्तर १९९६ सालीच बाजारात आलं: कोडॅकचा एक्सटॉल. त्यात व्हिटॅमिन सीचा जुळा भाऊ सोडियम आयसोॲस्कॉर्बेट आणि फेनिडोन ह्या डेव्हलपिंग रसायनाच्या जातीचा डिमेझोन एस. ही जोडी एकमेकांना उचलून धरते, म्हणून दुसरा पदार्थ चिमूटभर लागतो. दाणा बारीक, वेग पूर्ण, वास नाही. आता त्याच जातीचे ॲडॉक्स एक्सटी-३ वगैरेही आहेत.

खरी बचत मात्र रिप्लेनिशमेंटमध्ये आहे, म्हणजे वापरलेल्यात थोडा ताजा घालून तोच डेव्हलपर चालू ठेवण्यात. १+१ (एक भाग स्टॉक, म्हणजे पावडर कालवून केलेलं मूळ द्रावण, आणि एक भाग पाणी) करून ओतून दिलं तर ३०० मिलीच्या टाकीला १५० मिली स्टॉक जातो. रिप्लेनिश केलं तर रोलमागे ७० मिली. पद्धत अशी: एक लिटर स्टॉक 'चालू बाटली' म्हणून वेगळा ठेवा. रोल झाला की चालू बाटलीत ७० मिली ताजा स्टॉक घाला, मग टाकीतला डेव्हलपर परत ओतून बाटली गळ्यापर्यंत भरा. जे उरेल ते फेका. ताजा आधी, वापरलेला नंतर. उलट केलं की कमी-जास्त होतं. एक्सटॉलमध्ये सोय अशी की रिप्लेनिशर वेगळा विकत घ्यावा लागत नाही, तोच स्टॉक.

फसतं कुठे: ॲस्कॉर्बेट डेव्हलपर मरताना रंग बदलत नाही. डी-७६ हा जुना डेव्हलपर तपकिरी होऊन सांगतो, हा पाण्यासारखा स्वच्छ राहतो आणि रोल कोरा काढतो. म्हणून दर वेळी रोल टाकीत भरताना कापलेली जीभ (फिल्मचं सुरुवातीचं टोक) उजेडात त्यात बुडवा. पाचेक मिनिटांत काळीकुट्ट झाली तर जिवंत. राखाडीवर अडकली तर फेका.

मरतो कशाने? हवेने, आणि लोखंड-तांब्याच्या अंशाने. हे धातू ॲस्कॉर्बेटचं ऑक्सिडेशन पेटवतात. मुंबईत बरेच जण एसीच्या नळीचं पाणी 'फुकटचं डिस्टिल्ड वॉटर' म्हणून वापरतात. ते पाणी तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असतं. शेवटच्या धुण्याला गाळून वापरा, चालेल. एक्सटॉलचा स्टॉक त्यात कधीही कालवू नका.

बाटली: सोड्याची पीईटी बाटली घ्या, गळ्यापर्यंत भरा. पांढरे दुधी प्लास्टिकचे कॅन हवा आत सोडतात. आणि खाण्यापिण्याच्या बाटलीचं मूळ लेबल खरवडून काढून मोठ्या अक्षरात 'विष' लिहा, घरात लहान मूल असो वा नसो.

---

कॅफिनवाला

एक्सटॉलचा स्टॉक कोरड्या हवेतले लोक सहा महिने टिकतो म्हणतात. आपल्याकडे ३० अंशांत?

---

दाणेदार

एवढ्या उकाड्यात सहा महिन्यांवर विसंबू नका. पाच लिटरचं पाकीट एकट्याने फोडू नका, तिघांत वाटून घ्या. ते जमत नसेल तर पीसी-टीईए नावाचा डेव्हलपर घरी करा. त्यात पाणीच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं:

ट्रायइथेनॉलअमाइन १०० मिलीपर्यंत, ॲस्कॉर्बिक ॲसिड ९ ग्रॅम, फेनिडोन ०.२५ ग्रॅम.

ट्रायइथेनॉलअमाइन कॉस्मेटिक आणि साबणाचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळतं. बीकर उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करा, थेट गॅसवर नको. दोन्ही पावडरी ढवळत विरघळवा, थंड करून काचेच्या बाटलीत. १+५० वापरायचं, ३०० मिलीला ६ मिली. मधासारखं घट्ट असतं, मोजपात्राला चिकटून माप चुकतं. १० मिलीची इंजेक्शनची सिरिंज घ्या, सुई नको. आधी थोड्या कोमट पाण्यात ढवळून मग बाकीचं पाणी.

एका रोलमागे ओतलं किती? अर्धा ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि १५ मिलिग्रॅम फेनिडोन. कॅफेनॉलच्या ३०० मिलीत १२ ग्रॅम कॉफी आणि जवळपास ५ ग्रॅम व्हिटॅमिन सी. हा तो हिशोब.

---

नळपाणी

तापमानाचं लिहितो, कारण बर्फात लोक उगाच जीव काढतात. मे महिन्यात नळाचं पाणी २९-३० अंश. डेव्हलपर २० वर आणायचा, मग फिक्सर ३०, धुणं ३०. अशा उड्यांनी जिलेटिन सुरकुततं. त्यापेक्षा सगळंच २६-२७ वर करा. आजच्या फिल्म कडक केलेल्या असतात. सी-४१ (रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया) तर ३७.८ अंशांना होते आणि फिल्मला काही होत नाही.

वेळेचा ठोकताळा: प्रत्येक अंशाला ९-१० टक्के कमी. २० ला १२ मिनिटं असतील तर २७ ला सव्वासहा. पाच मिनिटांच्या खाली उतरू नका, ओतायला-काढायला लागणाऱ्या सेकंदांनीच असमान होतं. वेळ फार कमी येत असेल तर डेव्हलपर पातळ करा, १+२. मात्र एक्सटॉलचा स्टॉक रोलमागे १०० मिलीच्या खाली नको. १+३ करायचं तर ४०० मिली मावणारी टाकी लागेल.

आता पाणी. नळ सोडून २० मिनिटं धुणं म्हणजे मिनिटाला ५ लिटर धरले तरी १०० लिटर. एका रोलला. जूनमध्ये तलावांची पातळी खाली जाते, काही वर्षी पालिकेला पाणीकपातही लावावी लागते, आणि आपण निगेटिव्हवरून बादल्या सोडतोय.

इल्फर्डची पद्धत: हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर वापरा. टाकी त्याच तापमानाच्या पाण्याने भरा, ५ वेळा उलटी-सुलटी, ओता. पुन्हा भरा, १० वेळा. पुन्हा, २० वेळा. झालं. ३०० मिलीच्या टाकीला ९०० मिली पाणी. मनाचं समाधान हवं तर दोन भरण्यांच्या मध्ये पाच मिनिटं तशीच ठेवा. जिलेटिनमधून हायपो (फिक्सरमधलं थायोसल्फेट) बाहेर यायला वेळ लागतो, वाहतं पाणी नव्हे.

शेवटी वेटिंग एजंटचे (पाणी डाग न पाडता निथळवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घातलेलं डिस्टिल्ड पाणी. आरओचं रिजेक्ट पाणी बाटल्या गार-कोमट ठेवायच्या टबाला वापरा, फिल्मला नको, क्षार वाळून डाग पडतात.

---

हायपो_गिरगाव

नळपाणी, ह्यात एक जोडा. पहिल्या भरण्याचं पाणी मोरीत ओतू नका. टाकी उपडी केली तरी रीळ आणि फिल्मला चिकटून १०-१५ मिली फिक्सर राहतो. लिटरला २ ग्रॅम चांदीचा फिक्सर असेल तर त्या पाण्यात २०-३० मिलिग्रॅम चांदी गेली. ते पहिलं पाणी वेगळ्या बाटलीत काढा आणि वापरलेल्या फिक्सरच्या कॅनमध्ये टाका. दुसरं-तिसरं जाऊ द्या.

एका दिवशी चार-पाच रोल असतील तर उलटा प्रवाह करा: पहिल्या रोलचं तिसरं पाणी दुसऱ्या रोलचं पहिलं. मोठ्या मिनीलॅब हेच करत. नंतर तर त्यांनी पाणीच बंद केलं आणि धुण्याच्या जागी स्टॅबिलायझरच्या टाक्या ओळीने लावल्या. कोनिकाने मिनीलॅबची रसायनं गोळ्यांच्या रूपातही आणली होती, म्हणजे बाटल्यांतून पाणी वाहून न्यायला नको. घरच्यासाठी धडा तोच: पावडर मिळत असेल तर द्रव घेऊ नका.

---

लालदिवा

आता फिक्सरकडे येऊ. सर्वात सोपा सुधार म्हणजे तो पूर्ण वापरणं. निम्मे लोक भीतीने लवकर फेकतात, उरलेले कधीच फेकत नाहीत.

क्लिप टेस्ट: ताज्या फिक्सरमध्ये फिल्मची जीभ टाका आणि ती पारदर्शक व्हायला लागलेली वेळ बाटलीवर लिहा, समजा ४५ सेकंद. नंतर दर वेळी तपासा. ९० सेकंद झाले की फिक्सर संपला. फिक्सिंगचा वेळ नेहमी त्या दिवशीच्या वेळेच्या तिप्पट. टी-मॅक्स, डेल्टासारख्या फिल्म फिक्सर लवकर थकवतात, त्यांना जास्त वेळ द्या. गुलाबी छटा राहिली तर बहुधा फिक्सिंग कमी पडलंय.

दोन बाटल्यांची पद्धत: अर्धा वेळ पहिल्या, अर्धा दुसऱ्या बाटलीत. पहिली संपली की ती कॅनमध्ये, दुसरी पहिलीच्या जागी, नवी दुसरी. तेवढ्याच फिक्सरमध्ये बरेच जास्त रोल निघतात आणि फिल्म जास्त स्वच्छ होते.

साधा हायपो घरी: स्फटिकरूप सोडियम थायोसल्फेट २५० ग्रॅम, सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम, पाणी १ लिटरपर्यंत. विरघळताना पाणी एकदम गार पडतं, तेव्हा सुरुवात कोमट पाण्याने. अमोनियम थायोसल्फेटच्या तयार फिक्सरपेक्षा हळू आणि कमी रोल देतो, पण अमोनिया नाही. स्टॉप बाथला (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या आम्लाच्या पाण्याला) व्हिनेगर नको, लिंबूसत्त्व लिटरला १५ ग्रॅम, किंवा नुसतं पाणी दोनदा. ॲस्कॉर्बेटवाल्यांना पाणी पुरतं.

---

शेवाळ

मिठाचा फिक्सर कोणी करून पाहिला का? लिटरला ३०० ग्रॅम मीठ, दिवसभर ठेवायचं. पूर्ण बिनविषारी म्हणतात.

---

तिसरी_टाकी

करू नका. मीठ सिल्व्हर क्लोराइड थोडंफार विरघळवतं. फिल्मवर असतं ब्रोमाइड आणि थोडं आयोडाइड. आयोडाइड मिठाला दाद देत नाही. फिल्म दुधट राहते, पुढे उजेडात काळवंडते. २४ ते ४८ तास खाऱ्या पाण्यात इमल्शन वेगळंच सैल पडतं. आणि विरघळली तेवढी चांदी मिठाच्या पाण्यातून काढणार कशी? हायपोला पर्याय नाही. जॉन हर्शलने १८१९ मध्ये हा गुण नोंदवला, १८३९ पासून फोटोग्राफीत आहे, अजून त्याच्याइतकं स्वस्त आणि सौम्य काही आलेलं नाही. थायोसल्फेट स्वतः निरुपद्रवीच. अमोनियम थायोसल्फेट तर शेतीत द्रवखत म्हणून वापरतात.

(पण तेवढ्यावरून वापरलेला फिक्सर तुळशीला घालायला जाऊ नका. त्यात चांदी आहे. असा सल्ला देणारे महाभाग भेटतात.)

---

लालदिवा

चांदी काढायची कृती. पाच लिटरचा कॅन भरला की करा, थोडं थोडं नको.

तत्त्व साधं: लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी चांदी बाहेर पडते. १ ग्रॅम चांदीला हिशोबाने पाव ग्रॅम लोखंड. प्रत्यक्षात फिक्सरचं आम्लही लोखंड खातं, म्हणून आठ-दहापट घ्या. ५ लिटरमध्ये १५ ग्रॅम चांदी धरली तर ३०-४० ग्रॅम स्टील वूल.

कुठलं? इथेच बहुतेकांचं फसतं. भांडी घासायची चमकदार तारेची घासणी स्टेनलेस असते, ती महिनाभर बुडवली तरी ढिम्म. चुंबकावर जाऊ नका, काही स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. एक तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी गंज आला तर योग्य. मार्बल पॉलिशवाले वापरतात ते स्टील वूल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. बारीक घ्या. त्यावर तेल असतं, आधी भांड्याचा साबण आणि गरम पाण्याने धुऊन काढा. तेलकट वूलवर चांदी बसतच नाही.

पीएचची पट्टी बुडवा. ५ ते ६.५ हवं. त्याखाली लोखंड वाया जातं, आणखी आम्ल झालं तर फिक्सर फुटून दुधट होतो, गंधक खाली बसतं आणि काडेपेटी पेटवल्यासारखा वास येतो. ७ च्या वर काम रेंगाळतं. न्यूट्रल फिक्सर असेल तर लिंबूसत्त्वाचं पाणी थोडं थोडं, ढवळत घाला. मूठभर पावडर एकदम टाकू नका.

प्लास्टिकची बादली, वूल मोकळं पिंजून तळापर्यंत, झाकण सैल, खिडकी उघडी. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने हलवा. दोन दिवसांत वूल विस्कटून काळपट करडा गाळ होतो, पाणी गंजकट.

संपलं कसं कळणार? तांब्याची वायर सॅंडपेपरने लखलखीत घासून दोन मिनिटं बुडवा. करडी-पांढरी झाली तर चांदी शिल्लक आहे, आणखी वूल टाका. लाल राहिली तर मोठा भाग निघाला. ही ढोबळ चाचणी आहे, शेवटचे काही मिलिग्रॅम ती पकडत नाही.

वरचं पाणी हळू ओतून वेगळं करा, गाळ जुन्या सुती कापडातून गाळा, दोनदा धुवा, सावलीत वाळवा.

दोन गोष्टी कदापि नको: टॉयलेट क्लीनरचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच. आम्लाने सल्फर डायऑक्साइड निघतो. अमोनियम फिक्सर आणि ब्लीचने क्लोरामाइन. नुकत्याच क्लीनर टाकलेल्या संडासात फिक्सर ओतणं हाही तोच प्रकार.

---

ॲम्पियर

लोखंडाने काढलेला गाळ अशुद्ध असतो आणि फिक्सर कायमचा बाद होतो. विजेने काढली तर चांदी स्वच्छ येते, ९० टक्क्यांच्या वर.

१ अँपिअर-तासाला कमाल ४.०२ ग्रॅम चांदी बसते. १५ ग्रॅमला ३.७ अँपिअर-तास. ०.२ अँपिअरवर १९ तास, प्रत्यक्षात २४-३०.

कॅथोडला (ऋण टोकाला, जिथे चांदी बसते) स्टेनलेसचा पत्रा, पाण्यात बुडालेला भाग १० बाय २० सेंमी. ॲनोडला (धन टोकाला) ग्रॅफाइटची कांडी. वेल्डिंगवाल्यांकडच्या गाउजिंग कांड्या स्वस्त, पण त्यांना तांब्याचा लेप असतो, तो पूर्ण सोलून काढा. वीज मोबाइल चार्जरने देऊ नका. लॅमिंग्टन रोडवर करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय घ्या, लिमिट ०.२ वर बांधा. द्रव हलता हवा, माशांच्या टाकीचा छोटा पंप चालतो. हवेचा बुडबुड्यांचा नको, तो सल्फाइट खातो.

करंट जास्त झाला किंवा चांदी संपत आली की पत्र्यावर करडा-पांढरा थर जाऊन काळी पूड येते आणि सडक्या अंड्याचा वास. ते सिल्व्हर सल्फाइड. ताबडतोब बंद. लिटरला अर्धा ग्रॅमच्या खाली वीज परवडत नाही, तिथून पुढे लालदिवांचं स्टील वूल. मोठ्या लॅबमध्येही हाच क्रम: आधी वीज, मागून लोखंड.

---

शेवाळ

मी सी-४१ किट वापरते, ब्लिक्सवालं, म्हणजे ब्लीच आणि फिक्स एकाच बाटलीत. त्यातून निघेल?

---

ॲम्पियर

ताई, ब्लिक्समध्ये विजेचा उपयोग नाही. त्यातलं फेरिक संयुग पत्र्यावर बसलेली चांदी पुन्हा विरघळवतं, म्हणजे एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने सोडायचं. स्टील वूल चालतं, पण आधी ते फेरिक संपवतं, मग चांदीकडे वळतं, दुप्पट-तिप्पट लागेल.

म्हणून ब्लीच आणि फिक्स वेगळं असलेलं किट घ्या. त्यातला ब्लीच (चित्राची चांदी फिक्सरमध्ये विरघळेल अशी करणारं रसायन, कपड्यांचं नव्हे) तर जवळपास मरत नाही. वापरून कमकुवत झाला की माशांच्या टाकीचा हवेचा पंप अर्धा तास लावा, हवेतला ऑक्सिजन फेरसला पुन्हा फेरिक करतो. फेस येतो, बाटली अर्धीच भरा. सी-४१ आलं १९७२ मध्ये, तेव्हापासून ब्लीच बदलत गेलं: आधीच्या प्रक्रियांत फेरिसायनाइड, मग लोखंडाचं ईडीटीए संयुग, पुढे पीडीटीए संयुग, ज्याचं कमी प्रमाण पुरतं. स्टॅबिलायझरमधलं फॉर्मल्डिहाइडही गेलं. जुना साठा स्वस्तात मिळाला तर लेबलवर तेवढं पाहून घ्या.

---

नळपाणी

चांदी काढल्यावर उरलेलं पाणी कुठे ओतायचं ह्यावर मुंबईपुरतं: मोरी किंवा संडास, भरपूर पाण्याबरोबर, एका दिवशी लिटरभर. बाल्कनीतली किंवा गच्चीवरची जाळी नको. आपल्याकडे मलवाहिनी आणि पावसाळी वाहिनी वेगळ्या आहेत. जाळीतलं पाणी नाल्यातून थेट खाडीत जातं, कुठलीही प्रक्रिया नाही. मलवाहिनीतलं निदान केंद्रावरून जातं.

विरार-बदलापूरकडे सोसायटीचा सेप्टिक टँक असेल तर तिथेही नको, टाकीतले जिवाणू बिघडतात. कॅनमध्ये साठवा. थकलेला डेव्हलपर अल्कली, लिंबूसत्त्वाचा स्टॉप आम्ल. दोन्ही एकत्र करून मग ओतलं की पीएच बराच मधे येतो. फिक्सर त्यात मिसळू नका.

---

हायपो_गिरगाव

विक्रीचं. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत चांदी गाळणारे आहेत, पण १५ ग्रॅम करडी माती घेऊन गेलात तर उभं करणार नाहीत. एवढ्याशा चांदीचे पैसे ते किती, त्यातून अशुद्धी आणि गाळाई वजा. पाच-सहा जणांनी वर्षभराचा गाळ एकत्र केला तर बोलणं होतं. पत्र्यावरची चांदी ओळखायला सोपी, तिला लवकर भाव मिळतो. आधी फोन करून विचारा, एक्स-रेचा हायपो घेणारा असेल तर तो कॅनसकट नेतो. एक्स-रे धुण्याचं द्रव २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळ्या गटात येतं, त्यामुळे त्या धंद्यातल्यांना कागदपत्रं ठाऊक असतात.

---

कॅफिनवाला

मान्य, पीसी-टीईए करून बघतो. स्टील वूलवाल्या बादलीचा एक प्रश्न. तिसरा दिवस आहे, वायर अजून करडी होतेय, पण वूल जसंच्या तसं. पीएच ६. वूल रात्रभर मिठात गंजलं होतं.

---

लालदिवा

तेलाने धुतलं होतं का?

---

कॅफिनवाला

साबणाने, गार पाण्याने.

---

लालदिवा

वूल बाहेर काढा, उकळत्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं बुडवा, खळबळून परत टाका. सोडा राहू देऊ नका, पीएच चढेल. उद्या संध्याकाळी वायर पुन्हा घासून बघा. आणि वर 'तेलाने' लिहिलं ते 'तेलासाठी' वाचा.